गाळलेलं दीड पान

वाचलेल्या पुस्तकांची मी एक वही ठेवते. पुस्तकाचं नाव, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि शेवटी दोन ओळी. गेल्या महिन्याच्या पानावर चारच नावं आहेत, त्यातलंही एक पुस्तक अर्धवट सोडलेलं. एरवी महिन्याला माझी सात-आठ पुस्तकं सहज होतात. तरी गेले दोन दिवस मी हेच पान पुन्हा पुन्हा उघडते आहे. वही सुरू करून पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत याच एका पानावर शेवटच्या दोन ओळी माझ्या नाहीत, आईच्या आहेत.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि तिला लांबचं लख्ख दिसायला लागलं. समोरच्या भिंतीचा रंग आपण समजत होतो तो नाहीच, हे तिला तेव्हा कळलं. पण जवळचं वाचायला नवा चष्मा लागणार होता आणि डोळा पुरता बरा झाल्याशिवाय नंबर काढत नाहीत. महिनाभर थेंब घालायचे आणि थांबायचं. जुना चष्मा आता एका डोळ्याला लागू पडत होता, दुसऱ्याला नाही. ती पुस्तक हातात घ्यायची, एक डोळा झाकून बघायची, मग दुसरा झाकून बघायची, आणि पाच मिनिटांत दोन्ही डोळे पाण्यानं भरून यायचे. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं.

"तू वाच. मी ऐकते."

आई आयुष्यभर मनात वाचत आली. कामं आवरली की भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसायची. ओठ मिटलेले, फक्त डोळे ओळींवरून फिरत असायचे. लहानपणी मला त्या वेळच्या आईची थोडी भीती वाटायची. ती समोर असायची आणि नसायचीही. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. संत ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनात मिलानचा बिशप अँब्रोज कसा वाचायचा ते लिहून ठेवलंय. चौथ्या शतकातली गोष्ट. अँब्रोजचे डोळे पानावरून फिरत, मन अर्थ शोधत असे, पण आवाज आणि जीभ स्तब्ध असायची. भेटायला आलेली माणसं समोर गप्प बसून राहत आणि त्याची एकाग्रता मोडायला नको म्हणून तशीच निघून जात. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला भिंतीला टेकलेली आई आठवली होती, आणि तिच्यासमोर गप्प बसलेली मी.

आपल्या भाषेत 'वाचन' हा शब्द 'वाचा'च्या घरातला आहे. वाचायचं म्हणजे मुळात तोंडानं म्हणायचं. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि सलग तासभर मोठ्यानं वाचून घसा कोरडा पडणं वेगळं. पहिल्या संध्याकाळी मी फार वाईट वाचलं. वाक्य कुठं संपणार याचा अंदाज नसल्यामुळे मध्येच श्वास तुटायचा. डोळे सवयीनं पुढे धावायचे आणि जीभ मागे राहायची. तासाभरात जेमतेम वीस पानं झाली. मनात मी त्याच वेळात पन्नास वाचते. आई म्हणाली, "घाई कसली आहे? मी कुठं जाणार नाहीये."

सुरुवात रमाबाई रानड्यांच्या आठवणींपासून केली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 साली आलं, त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर नऊ वर्षांनी. लग्न झालं ते 1873 साली, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि रानडे तिशी ओलांडलेले. त्यांना शिकवायचं हे रानड्यांनी मनाशी ठरवलेलं आणि घरातल्या बायकांना ते मुळीच पसंत नाही. दिवसभर टोमणे ऐकायचे आणि रात्री धडा घ्यायचा. हे सगळं मी पूर्वी वाचलेलं होतं आणि माझ्या लेखी तो स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातला एक मान्यवर दस्तऐवज होता. तो दस्तऐवज नसून एका बाईचा आवाज आहे हे मला या वेळी कळलं, कारण तो माझ्याच तोंडून निघत होता.

त्यात कलकत्त्याच्या मुक्कामातली एक आठवण आहे. रानडे तिथं बंगाली शिकायला घेतात. दाढी करायला न्हावी येतो, तेव्हा पुस्तक हातात असतंच, आणि अडलेला शब्द ते सरळ त्यालाच विचारतात. रमाबाई आतून हे ऐकतात आणि नंतर त्यांची थट्टा करतात, दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले तसा हा तुमचा एक. एवढा मोठा न्यायाधीश, पण त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पुढे तेच बंगाली ते बायकोला शिकवतात. हे वाचून झाल्यावर आई बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "तो स्वतः न्हाव्याकडून शिकतोय हे तिनं बघितलं ना, म्हणून ती त्याच्याकडून शिकू शकली. नाहीतर एवढ्या मोठ्या माणसासमोर चूक करायची हिंमत कुठून आणणार?"

वहीत त्या पुस्तकापुढे मी हेच लिहिलं. माझ्याकडे लिहायला याहून चांगलं काही नव्हतं.

दुसरं पुस्तक हल्लीच्या एका लेखकाची कादंबरी. मी ती आधी निम्मी वाचली होती आणि मला आवडलीही होती. मोठ्यानं वाचायला घेतली तेव्हा तिसऱ्या पानावरच काहीतरी खटकायला लागलं. वाक्यं सुरेख होती, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पात्रांच्या संवादात तर मला आवाजच सापडेना. दोन माणसांचं भांडण मी एकाच सुरात वाचत गेले, कारण दोघांची भाषा एकच होती. आईनं काही नाव ठेवलं नाही, पण तिसऱ्या दिवशी तिला झोप लागली, आणि आम्ही ते तिथंच सोडलं. मनात वाचताना आपण लेखकाला बरंच उसनं देतो, असं मला तेव्हापासून वाटतं. न लिहिलेला आवाज आपणच भरून काढतो आणि श्रेय त्याला देतो.

मग 'स्मृतिचित्रे'. महिन्यातले जवळजवळ बारा दिवस या एका पुस्तकाचे.

लक्ष्मीबाई टिळकांनी शाळा बघितली नव्हती. त्यांच्या या आठवणी 1934 पासून चार भागांत पुस्तकरूपानं आल्या. मुलानं, देवदत्तानं, आईच्या मागे लागून त्या लिहून घेतल्या आणि चौथा भाग पुरा होण्याआधी त्या गेल्या, तेव्हा राहिलेलं त्यानंच पूर्ण केलं. हे मला माहीत होतं. पण 'लिहून घेतल्या' या दोन शब्दांत काय असतं, हे पुस्तक आईसमोर वाचल्याशिवाय मला कळलं नसतं. त्यातलं एकही वाक्य जिभेला अडत नाही. कुठं थांबायचं ते वाक्यच सांगतं. ते आधी बोललं गेलं आहे, समोर ऐकणारं माणूस बसलेलं होतं, आणि त्याचा चेहरा बघत बघत सांगणारीनं कुठं रेंगाळायचं, कुठं पुढे जायचं हे ठरवलं आहे. मी नुसती त्या जुन्या श्वासावर श्वास ठेवत गेले.

सुरुवातीलाच वडिलांची हकीकत येते. 1857 च्या बंडात घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला फाशी होते, वडील त्याचा धसका घेतात, आणि तिथून त्यांचं सोवळं सुरू होतं ते थांबतच नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. जी धुतल्यावर उरणारच नाही, तीही धुवायची. मुलंबाळं, बायको, सगळं घर त्या एका माणसाच्या भीतीभोवती फिरत राहतं. पूर्वी मनात वाचताना मी या पानांवर हसले होते, कारण लक्ष्मीबाई ते हसवतच सांगतात. या वेळीही मी हसऱ्या आवाजात वाचायला लागले.

"थांब," आई म्हणाली. "हसू नकोस. तो माणूस आजारी आहे. आणि ती मुलगी हे हसत सांगतेय, कारण लहानपणी तिला त्यावर रडायची सोय नव्हती. परत वाच."

मी परत वाचलं. शब्द तेच होते. आवाज खाली उतरला आणि ती पानं पार बदलून गेली. विनोद होता तिथंच राहिला, पण त्याच्या तळाशी एक घाबरलेलं घर दिसायला लागलं. आम्ही दोघी त्यानंतर थोडा वेळ गप्प होतो.

असं अनेकदा झालं. 1895 साली लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती होतात, ती बातमी घरी येते, आणि पुढची जवळजवळ पाच वर्षं नवराबायको एकमेकांपासून लांब. लक्ष्मीबाई माहेरच्यांमध्ये राहतात, सोवळंओवळं सोडत नाहीत, आणि नवऱ्याला मनातून सोडत नाहीत. 1900 साली त्या स्वतःही बाप्तिस्मा घेतात. यावर अभ्यासकांनी खूप लिहिलं आहे. आई मात्र मध्येच विचारायची, "त्या पाच वर्षांत तिनं हे कुणाजवळ बोललं असेल?" मला उत्तर देता यायचं नाही. मी पुढे वाचायची.

आणि मग ते दीड पान आलं.

मोठ्यानं वाचताना गाळता येत नाही, असं मी दोन आठवडे मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगत होते. मनात वाचणारा माणूस किती गाळतो हे त्याला स्वतःलाही कळत नाही. वर्णनं, वंशावळी, दुःखाची पानं यांवरून डोळा अलगद घसरतो. तोंडानं वाचायचं तर प्रत्येक शब्दाला हजेरी द्यावी लागते. हे खरं आहे. तरीही मी गाळलं. लक्ष्मीबाईंचं एक मूल जातं, तो प्रसंग पुढे येतोय हे माझ्या डोळ्यांना जिभेच्या आधी दिसलं.

माझ्याआधी मला एक भाऊ होता. अकरा महिन्यांचा होऊन गेला. हे मला आईनं कधी सांगितलं नाही. मी कॉलेजात असताना मावशीच्या बोलण्यातून ते निसटलं आणि तिनं लगेच विषय बदलला. घरात त्याचा फोटो नाही. त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. विचारायचं कसं हे मला कधी सुचलं नाही, आणि पुढे पुढे विचारायचं आहे हेही विसरायला झालं. ते पान समोर आलं तेव्हा एका क्षणात हे सगळं हाताशी आलं. मी वाक्य संपवलं, दोन पानं एकदम उलटली, आणि दीड पान सोडून पुढचा प्रसंग जिथं सुरू होतो तिथून वाचायला लागले. आवाज हलू दिला नाही. आई पडून होती, डोळे मिटलेले. तिनं फक्त पांघरुणाची कड सारखी केली.

त्या रात्री मी ते दीड पान एकटीनं, मनात वाचलं. मला ते नीट वाचता आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात विष्णुभट गोडश्यांचा 'माझा प्रवास' घेतला. पूर्वी दोनदा सुरू करून सोडलेलं हे पुस्तक. जुनी भाषा, लांबच लांब वाक्यं, मला ती ओलांडवत नव्हती. मोठ्यानं वाचायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच ती सुटी झाली. हा माणूस भिक्षुक, चार लोकांत बसून गोष्ट सांगायची सवय असलेला. त्याची वाक्यं डोळ्यांसाठी नाहीतच. कर्ज फेडायचं, चार पैसे मिळवायचे म्हणून तो 1857 साली चुलत्याबरोबर कोकणातल्या वरसईहून निघतो. बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार आहेत, तिथं दक्षिणा मिळेल एवढाच हिशेब. आणि वाटेत तो थेट बंडात सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा शहराच्या आत असतो. मिळवलेलं लुटलं जातं, जीव तेवढा राहतो.

झाशी पडल्यावर तिथल्या ग्रंथसंग्रहाची जी धूळधाण झाली, तीही तो सांगतो. ज्याच्या पोथ्या नकलून घ्यायला बाहेरगावचे विद्वान यायचे, तो संग्रह. पोथ्या बाहेर फेकल्या गेल्या, पानं उधळली. आधीच्या पानांवर त्यानं माणसं मरताना पाहिली आहेत, स्वतः लपून जीव वाचवला आहे, आणि तरी पोथ्यांच्या त्या पानांपाशी त्याची लेखणी रेंगाळते. मला वाचताना थांबावं लागलं. आई म्हणाली, "त्याचं आयुष्य त्या पोथ्यांवरच गेलेलं ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पानं सुटी होती. शिवलेली असती तर एवढी उडाली नसती." हे तिनं असं म्हटलं की जणू ती आत्ता तिथं जाऊन गोळा करणार आहे.

काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला झाशीची राणी लक्ष्मीबाई भेटते. दमलेली, तहानलेली, पुरुषी वेशात. हा पाणी शेंदून द्यायला पुढे होतो, पण ती विद्वान ब्राह्मणाकडून ते काम करून घेत नाही, स्वतः पाणी काढते आणि ओंजळीनं पिते. तिथं आई उठून बसली.

"हिचं माहेरचं नाव काय गं?"

"मनकर्णिका. मनू म्हणायचे."

"आणि त्या टिळकांच्या लक्ष्मीबाईंचं?"

मी 'स्मृतिचित्रे' काढून बघितलं, जरी मला उत्तर माहीत होतं. तीही मनकर्णिका, तीही मनू. दोघी सासरी येऊन लक्ष्मी झालेल्या. राणी 1858 साली गेली, दुसरी मनू 1868 साली जन्मली. ज्या वर्षी राणीचं राज्य पणाला लागलं त्याच वर्षीच्या फाशीचा धसका हिच्या बापानं आयुष्यभर वागवला. मी ही दोन्ही पुस्तकं, त्यांच्याविषयीचे लेख, प्रस्तावना असं पुष्कळ वाचलेलं होतं. एकीचं नाव एका कप्प्यात, दुसरीचं दुसऱ्या. दोन्ही नावं एकाच आठवड्यात एकाच कानावर पडली म्हणून ती जवळ आली. तो कान आईचा होता.

गोडश्यांनी हे लिहिलं ते घडून गेल्यावर 25-26 वर्षांनी, 1883 च्या सुमारास, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापलं गेलं ते 1907 साली. इंग्रजांचं राज्य होतं. वैद्यांनी छापताना भाषा बदलली, काही मजकूर गाळला. 1966 साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते पुन्हा छापलं, तेव्हा विष्णुभटांचा स्वतःचा आवाज लोकांना ऐकू आला. हे मी आईला प्रस्तावनेतून वाचून दाखवत होते.

"म्हणजे गाळलेलं परत आलं," ती म्हणाली. "किती वर्षांनी?"

"एकोणसाठ."

"वैद्यांनीही काही वाईट मनानं गाळलं नसेल," आई म्हणाली. "त्यांना कुणाची तरी काळजी असेल." तिचा ऑपरेशन झालेला डोळा माझ्याकडे होता. त्याला आता लांबचं चांगलं दिसत होतं. मी पुस्तकात बघत राहिले.

मध्ये मध्ये बहिणाबाईंची गाणी वाचायचो, त्यांची वहीत नोंद नाही. कारण ती मी वाचायला सुरुवात केली की अर्ध्या ओळीवर आई माझ्यापुढे निघून जायची. तिला ती पाठ आहेत. बहिणाबाई 1951 साली गेल्या, त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या गुणगुणत असताना घरातल्यांनी कागदावर उतरवून घेतलेली ही गाणी, मुलानं, सोपानदेवांनी, ती पुढे आणली आणि 1952 साली त्यांचं पुस्तक झालं. देवदत्त टिळक, चिंतामणराव वैद्य, सोपानदेव. या महिन्यात मी ज्यांच्यामुळे वाचू शकले ती ही माणसं. ती कुणाच्या तरी मागे लागली आणि म्हणाली, सांग, मी लिहून घेतो, नाहीतर तू लिही. मी इतकी वर्षं वाचते आहे, वही ठेवते आहे. पण मी कुणालाही असं म्हटलेलं नव्हतं. घरात भिंतीला टेकून वाचणारी एक बाई होती, आणि तिला काय वाटतं ते मी या महिन्याआधी एकदाही वहीत लिहिलं नव्हतं.

महिना संपता संपता चष्मा आला. आईनं तो नाकावर बसवला, उतरवला, पुसला, परत बसवला. वर्तमानपत्राची बारीक जाहिरात वाचून बघितली. मला तिच्यासाठी फार बरं वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी हातातून निसटल्यासारखं झालं. आता ती पुन्हा भिंतीला टेकून मनात वाचणार होती आणि मी दुसऱ्या खोलीत माझ्या वेगानं.

संध्याकाळी, रोजच्या वाचायच्या वेळेला, तिनं हाक मारली. ती खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर 'स्मृतिचित्रे' होतं. पान शोधायला तिला वेळ लागला नाही, कुठून पुढे उडी मारली गेली ते तिला बरोबर माहीत होतं.

"दोन पानं एकदम उलटली की आवाज वेगळा येतो," ती म्हणाली. "बस. आज मी वाचते."

मी खाली बसले. आईला मोठ्यानं वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिला माझ्यासारखी अडखळायची वेळ आली नाही. ती हळू वाचत होती, अक्षराखालून बोट फिरवत, प्रत्येक शब्द पुरता उच्चारून मग पुढच्यावर जात होती. एके ठिकाणी थांबली, चष्मा वर केला, डोळा पुसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा, स्वच्छ रुमालानं, दाब न देता. परत चष्मा लावून त्याच ओळीच्या सुरुवातीपासून वाचायला लागली. दीड पान संपलं. एक शब्दही तिनं गाळला नाही.

बोट शेवटच्या ओळीवर तसंच ठेवून तिनं मला त्याचं नाव सांगितलं.